दोन यमुना आणि नगरची वाट

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जिचे नाव जिल्ह्याला मिळाले ती अहिल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीची, माणकोजी शिंद्यांची लेक. जन्म १७२५ चा. खंडेराव होळकरांशी तिचे लग्न लागले तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले आणि अहिल्याबाई एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. ती सती जायला निघाली होती, सासरे मल्हाररावांनी तिला अडवले, ही हकिकत आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढचा कारभार, घाट, देवळे, बारवा हेही ठाऊक असते. तिची मुलगी मुक्ताबाई मात्र १७९१ मध्ये नवऱ्यामागे सती गेली आणि राज्य चालवणाऱ्या आईला ते थांबवता आले नाही. हे सांगताना आपण घाईने पुढे जातो.

बखरी आणि पत्रे राज्यकारभार सांगतात. चोंडीची वेस ओलांडताना आठ वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालले होते, हे त्या सांगत नाहीत. ते विचारावे असे कोणाला वाटलेही नसेल, कारण तेव्हा प्रत्येक घरातली मुलगी अशीच वेस ओलांडत होती. तिचे मन मराठीत लिहिले जायला आणखी शंभरावर वर्षे जावी लागली. ते पहिल्यांदा लिहिले गेले कादंबरीत. त्या कादंबरीपर्यंत येणारी एक वाट याच नगर शहरातून जाते, आणि नगरकरांनाही तिची आठवण फारशी उरलेली नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले. १८३९ मध्ये तिथे सिंथिया फरार नावाची बाई आली. न्यू हॅम्पशायरची, अविवाहित, मुंबईत दहा-बारा वर्षे मुलींच्या शाळा चालवून मुरलेली. नगरला ती १८६२ मध्ये मरेपर्यंत राहिली आणि मुलींना शिकवत राहिली. त्या काळी मुलींची शाळा चालवायची म्हणजे लग्नाशी शर्यत लावायची. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की शाळेत यायची आणि दहाव्या-अकराव्या वर्षी सासरी जायची. मधल्या तीन-चार वर्षांत जेवढे होईल तेवढे. अक्षरे गिरवून झाली, पुस्तक वाचता येऊ लागले की पाटी खाली ठेवायची वेळ येई. फरारबाईंना धर्मप्रसार करायचा होता यात शंका नाही, आणि पालकांनाही ते कळत होते. तरीही काही मुली येत राहिल्या.

या शाळा पाहायला जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले होते. तिथे जे पाहिले त्याचा परिणाम त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे शिक्षणही फरारबाईंकडे नगरला झाले. सावित्रीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झालेले होते. म्हणजे शिकवणारी बालवधू आणि शिकणाऱ्या उद्याच्या बालवधू, असा तो वर्ग होता. हे चित्र मला फार मोलाचे वाटते, कारण पुढे मराठी कादंबरीला जी वाचक मिळाली ती असल्या वर्गांतून बाहेर पडली.

नगरने आणखी एक गोष्ट दिली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरला निघाले, रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली. थोड्याच वर्षांत ते मुंबईला गेले. १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’ने फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध दोन अंकांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आहे आणि त्यात जात्याच धारदार प्रश्न आहेत. चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या नावाने छापून येऊ शकते, हे मराठी वाचकाने तेव्हा पाहिले. त्या वयाच्या बहुतेक मुली एव्हाना कोणाच्या तरी सुना झालेल्या होत्या, आणि त्यांतल्या काही विधवाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लहानपणी लग्न ही सगळ्याच जातींतली रीत होती. वैधव्याचे नियम मात्र सगळीकडे सारखे नव्हते. शेती करणाऱ्या आणि बलुतेदार जातींत विधवेला पाट लावता येई, म्हणजे पुन्हा लग्न करता येई. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत ती वाट बंद होती. तिथे बारा वर्षांच्या मुलीचा नवरा वारला, ज्याला तिने धड पाहिलेलेही नसे, तरी ती जन्माची विधवा. न्हाव्यापुढे बसवून तिचे केस काढायचे, तांबडे आलवण नेसवायचे, एक वेळ जेवू घालायचे आणि घरातले सगळ्यात कष्टाचे काम तिच्याकडे द्यायचे. पाहुणे आले की तिने मागे व्हायचे. जन्मभर.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. लगेच पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. लेखक बाबा पदमनजी, बेळगावचे, कासार घराण्यातले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. मराठीच्या पहिल्या कादंबरीचे उपशीर्षकच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीविषयी आहे, हे आपल्या भाषेचे भूषण मानावे असे मला वाटते. इतर भाषांत कादंबरी राजपुत्रांच्या आणि साहसाच्या गोष्टींनी सुरू झाली असेल. आपल्याकडे ती केस काढलेल्या मुलीपाशी येऊन थांबली.

कादंबरीतली यमुना लिहा-वाचायला शिकलेली तरुणी आहे. ती नवऱ्याबरोबर, विनायकरावांबरोबर, प्रवासाला निघते आणि गावोगाव तिला विधवा भेटत जातात. एकेक जण आपली कर्मकथा सांगते. मग विनायकराव वारतात आणि जी आतापर्यंत ऐकत होती तीच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कला म्हणून पाहिले तर कादंबरी ठिकठिकाणी अडखळते. बाबांना उपदेशाची घाई आहे. पात्रे बोलता बोलता प्रवचन करू लागतात. धर्मांतर हाच उपाय, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हाच्या बहुसंख्य वाचकांना पटणारा नव्हता. पण त्या भेटलेल्या विधवांच्या हकिकती वाचताना जाणवते की लेखकाने त्या कुठेतरी ऐकलेल्या आहेत. त्या कागदावर आल्या, एवढे काम बाबांनी केले.

कायदा कागदावर आणि कादंबरी कपाटात, अशी पुढची काही वर्षे गेली. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, कारण फसलेल्या विधवांना मूल मारण्यावाचून किंवा स्वतः मरण्यावाचून मार्ग उरत नव्हता. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या खटपटीने मुंबईत वेणूबाई या विधवेचा पुनर्विवाह झाला आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. याच सुधारकांतले न्यायमूर्ती रानडे. पहिली पत्नी गेल्यावर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. रानड्यांसारख्या माणसाला जिथे घर वाकवू शकले, तिथे बाकीच्यांचे काय?

दुसरी यमुना आली १८९० मध्ये. हरि नारायण आपट्यांनी त्या वर्षी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः यायला लागली. आपटे तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आगरकरांच्या विचारांवर पोसलेले, पण आगरकरांसारखा वाद न घालता गोष्ट सांगणारे. बाबा पदमनजींची यमुना तिसऱ्या पुरुषी येते. आपट्यांची यमू स्वतः बोलते. आपली सगळी हकिकत ती आपल्याच तोंडाने सांगते. आणि ती सुरुवात करते लहानपणापासून. भावाबरोबरचे खेळ, भांडणे, दादाची बढाई, आईचे वडिलांसमोर गप्प होणे, दुर्गी नावाची मैत्रीण. पहिली कितीतरी पाने वाचकाला वाटत राहते की आपण एका खट्याळ, बोलक्या पोरीची गंमत वाचतो आहोत.

आपट्यांचे मोठेपण मला तिथे दिसते. विधवेची दैन्यावस्था दाखवून डोळ्यांत पाणी आणणे सोपे होते. त्यांनी आधी यमू आवडायला लावली. तिचे लग्न होते तेव्हा वाचकाला मांडवातल्या गडबडीपेक्षा तिची धास्ती जास्त जवळची वाटते. दुर्गीचा नवरा वाया गेलेला. तिच्या वाट्याला आलेला सासुरवास यमू शेजारून पाहते. यमूला मात्र रघुनाथरावांसारखा समंजस नवरा मिळतो, तो तिला शिकवतो, मुंबईला नेतो. मराठी कादंबरीत नवरा-बायको एकत्र वाचत बसले आहेत, हसत आहेत, असे संसाराचे चित्र तोपर्यंत कोणी काढले नव्हते असे म्हटले तरी चालेल. आणि मग रघुनाथराव वारतात. सासरचे शंकरमामंजी, ज्यांच्या तोंडी सदा धर्म आणि मनात सदा हिशेब, तिच्यावर केशवपनाची सक्ती करतात. तो प्रसंग वाचून झाल्यावर पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागते.

ही कादंबरी आठवड्या-आठवड्याने लोकांच्या घरात येत होती, हे विसरता कामा नये. ‘करमणूक’ हे घरातल्या सगळ्यांनी वाचायचे पत्र होते. वाचता येणारी सून, माहेरी आलेली लेक, इंग्रजी शाळेतला मुलगा, सगळे ते वाचत. त्याच महिन्यांत बाहेर संमतिवयाचे वादळ चालू होते. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहाचे बारा करणारा कायदा झाला. ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला; परक्या सरकारने घरात हात घालू नये, ही त्यांची भूमिका. आगरकर ‘सुधारका’तून उलट बाजूने लढत होते. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केस काढणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. या घटनेला आपल्या इतिहासात आहे त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

सभांत आणि अग्रलेखांत धर्म, शास्त्र, सरकार यांची भाषा होती. यमूच्या कहाणीत फक्त यमू होती. १८९३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि त्यानंतर मराठी घरांत कित्येक पिढ्यांनी ती वाचली.

आता पुन्हा नगरला येऊ. कारण यमू शेवटी एका पुरुषाने लिहिलेली होती, कितीही जीव ओतून लिहिलेली असली तरी. बालवधूने स्वतः लिहिलेले पुस्तक यायचे होते, आणि ते लिहिणारी बाई नगर जिल्ह्यात घडली.

नाशिकजवळच्या जलालपूरची मनू गोखले. जन्म १८६८ चा. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरातल्या माणसांना श्वास घ्यायचीही चोरी. अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. ती लक्ष्मी झाली. नवरा कवी, बुद्धिमान, लहरी, आज इथे तर उद्या तिथे. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात मुलगा दत्तू. नवरा हयात, तरी संसार उधळलेला. कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचे आहे तो जातीबाहेर. विधवा म्हणता येत नाही आणि सवाशिणीत बसवता येत नाही, अशी काही वर्षे त्यांनी आप्तांच्या आधाराने काढली. त्या काळच्या घरांत असल्या बाईला काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे सांगायला नको.

टिळक नगरला मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवत होते. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, पण आपले सोवळे घेऊनच आल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेदाचा पीळ हळूहळू सुटत गेला आणि १९०० मध्ये त्यांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. लक्षात घ्यावे असे त्या धर्मांतरात हे आहे की एका बाईने आपल्या पायांनी, आपल्या वेळेला तो निर्णय घेतला. अकराव्या वर्षी लग्नाबद्दल कोणी तिला विचारले नव्हते. बत्तिसाव्या वर्षी तिने स्वतःला विचारले आणि स्वतःच उत्तर दिले.

टिळकांचे नगरचे घर म्हणजे धर्मशाळा होती. बालकवी ठोमरे तिथे राहून गेले. अनाथ पोरे यायची, राहायची. प्लेग आणि दुष्काळाचे ते दिवस. टिळक १९१९ मध्ये गेले आणि लक्ष्मीबाई खरोखरच्या विधवा झाल्या, पण तोवर कोणाच्या वस्तऱ्याला किंवा आलवणाला त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू करून अकरा अध्यायांवर सोडले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, जिच्या हस्ताक्षराची आणि शुद्धलेखनाची घरात चेष्टा व्हायची, तिने.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यातली लहान मनू, आणि नंतर सासरी आलेली लक्ष्मी, आपट्यांच्या यमूची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तोच खट्याळपणा, तीच निरीक्षणशक्ती. फरक एवढाच की यमूला तिच्या निर्मात्याने मरणाकडे नेले आणि लक्ष्मीबाई जगल्या, हसल्या, भांडल्या आणि साठी ओलांडल्यावर सगळे मांडून बसल्या. दुःख त्यात आहेच. पण ते सांगताना त्यांनी कोणाची कीव मागितली नाही. फरारबाईंच्या शाळेत गिरवायला सुरू झालेली अक्षरे याच जिल्ह्यात, दोन-तीन पिढ्यांनंतर, असे पुस्तक होऊन उभी राहिली. या दोन गोष्टींत थेट धागा आहे असा माझा दावा नाही. पण मुलींना वाचायला शिकवण्याचे काम ज्या गावाने इतक्या आधी आपल्यात होऊ दिले, त्या गावी लक्ष्मीबाईंसारखी बाई लिहायला धजावली, याचे मला नवल वाटत नाही.

१९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. लग्नाला मुलीचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा. १९७८ मध्ये मुलीचे अठरा झाले. २००६ मध्ये आजचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. केशवपन बंद पडले. पांढरपेशा घरांतल्या मुलींनी ही लढाई बरीचशी जिंकली आणि मराठी साहित्याने तो विषय इतिहासात जमा केला.

पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. नगर जिल्ह्याच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दर हंगामाला ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. आईबाप फडावर जाणार, वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, आणि बरोबर न्यायची तर कोपीत तिला सांभाळायची कशी? मग हंगामाच्या आधी लग्न उरकले जाते. नववीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत येत नाही. एक कोयता तयार होतो. त्यांतला एक जण अपघाताने, व्यसनाने, आजाराने गेला, की मागे राहिलेली बाई अर्धा कोयता होते. तिला उचलही अर्धी मिळते आणि फडावर तिला एकटी पाहून वागणारे वेगळे.

कोरोनात तरुण बायका मोठ्या संख्येने विधवा झाल्या. तेव्हा अकोल्याच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचे काम उभे राहिले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने बाकीच्या गावांना तो कित्ता घ्यायला सांगितले. आलवण गेले, पण बांगड्या फोडण्याविरुद्ध ठराव करावा लागतो, म्हणजे यमूची गोष्ट अजून चालू आहे. फक्त ती सदाशिव पेठेतून उठून फडावर गेली आहे.

तिथे तिचा हरि नारायण तिला अजून भेटायचा आहे. पाथर्डीतल्या चौदा वर्षांच्या मुलीने उघडावे आणि ही तर मीच आहे असे म्हणावे, अशी कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी आज हवी आहे. तिच्यात मैत्रीण हवी, शाळा हवी, हसू हवे, फड हवा, मुकादम हवा, आणि मुलीचा स्वतःचा आवाज हवा. अहवाल, जनजागृतीची भित्तिपत्रके, पथनाट्ये ही कामे चालू राहावीत. कादंबरीचे काम त्यांना करता येणार नाही. ऊसतोड कामगारांच्या घरांतून आता शिकलेल्या, लिहित्या मुली पुढे येत आहेत. ही कादंबरी त्यांनीच लिहावी. प्रकाशकांनी त्यांच्याकडे जावे, त्या येण्याची वाट पाहू नये.

आणि नगर जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती. तोवर ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ‘स्मृतिचित्रे’ या दोन पुस्तकांच्या प्रती शाळेच्या कपाटातून बाहेर काढा. आठवी-नववीच्या मुलींना आणि मुलग्यांनाही त्यांतली सुरुवातीची पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. वर्गातली एखादी मुलगी दिवाळीनंतर आली नाही, तर तिच्या घरी जा, ग्रामसेवकाला सांगा, १०९८ ला फोन करा.